डांबर कुठे संपतं

एका चांगल्या ड्रायव्हर बाईला मी तीनदा नापास केलं, आणि तिसऱ्यांदा वर तिला म्हटलं, "एकदा डोळे तपासून घ्या हो." हे आधीच सांगून टाकते, कारण घरात ही गोष्ट माझ्याआधी माझी सून सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी होते त्याहून जास्त मूर्ख दिसते. होते तेवढी पुरे आहे.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते. नातवंडं त्या वयाला तरुण म्हणायला तयार नाहीत, पण आज मी जिथे बसले आहे तिथून ती बाई मला चांगलीच पोरसवदा दिसते. शाळेतून चित्रकलेची शिक्षिका म्हणून नुकतीच निवृत्त झालेली, केसांना मेंदी, चष्म्याला मण्यांची साखळी, आणि निसर्ग आपल्यालाच काय तो कळला आहे अशी ठाम समजूत. चौतीस वर्षं पोरांना डोंगर रंगवायला शिकवले होते. खरा डोंगर चढायचं म्हटलं की मात्र गुडघे आठवायचे.

सुनेचा कोथरूडमध्ये छोटासा व्यवसाय होता. खाली दहावीचे क्लास, वर तीन खोल्या, चार कॉम्प्युटर. बस चालवायला शिकणाऱ्यांसाठी ती आणि तिचे दोन सहकारी खोटे रस्ते बनवायचे. म्हणजे खरोखरची ड्रायव्हरची सीट, स्टिअरिंग, गिअर, आणि समोर तीन मोठे पडदे. पडद्यावर रस्ता पळतो, सीट हादरते, आणि चूक केली तर कोणी मरत नाही. बायकांना बस शिकवणाऱ्या एका प्रशिक्षण केंद्राला घाटाचा रस्ता हवा होता, खाली पाणी दिसणारा, खडकवासल्याच्या पुढे लागतात तसा. बसचं वजन, ब्रेक, चढ-उतार हे सगळं सुनेकडे होतं. डोंगराला कातडी चढवायला माणूस हवा होता.

"आई, तुम्ही दिवसभर माझ्या फोडणीवर देखरेख करता, त्यापेक्षा हे करा," सून म्हणाली.

मी लगेच हो म्हटलं. देखरेख दोन्हीकडे करता येते.

काम असं होतं. कॉम्प्युटरमध्ये डोंगर येतो तो नागडा, करड्या चादरीसारखा. त्यावर गवत, काळा दगड, मुरूम, डांबर असे पृष्ठभाग पसरायचे. कुठे काय दिसावं हे सांगायला एक मास्क रंगवायचा. डांबराचा मास्क घेतला, तर पांढरं रंगवाल तिथे डांबर, काळं ठेवाल तिथे खालचा मुरूम, आणि करडं रंगवाल तिथे दोन्ही अर्धं अर्धं, एकात एक विरघळलेलं. त्या करड्या रंगाच्या मी प्रेमातच पडले.

त्याचं कारण जुनं होतं. "निसर्गात रेषा नसते," हे वाक्य मी दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गाला ऐकवायचे. मला ते फार खोल वाटायचं. कागद ओला करा, हिरवा सोडा, तपकिरी सोडा, त्यांचं त्यांना मिसळू द्या. एकदा एका मुलीने डोंगराला काळ्या स्केचपेनने कड काढली, म्हणून मी तिचे चार गुण कापले. ती म्हणाली, "बाई, आमच्या गच्चीतून डोंगर असाच दिसतो." गच्चीतून डोंगर कसा दिसतो ते पाहायला मी गेले नाही. गुण कापून मोकळी झाले.

तर त्याच हाताने मी आठ महिने घाट रंगवला. गवत मुरमात विरलं, मुरूम डांबरात विरला. रस्ता धुक्यातून उगवावा तसा डोंगरातून अलगद वर यायचा. सुनेचे सहकारी म्हणाले, "काकू, एकदम पेंटिंग." मी आठवडाभर मान ताठ ठेवून फिरले.

रस्ता केंद्रात बसवला आणि काही दिवसांनी सुनेने मला पाहणीला पाठवलं. तिथे शिकवणारे मास्तर जुने निवृत्त ड्रायव्हर होते, अंगाने वाळलेले, बोलायला त्याहून वाळलेले. "रस्ता यांनी रंगवलाय" एवढीच माझी ओळख त्यांनी सगळ्यांना करून दिली. नियम सरळ होता. चाक डांबर सोडून साइडपट्टीवर उतरलं की बझर वाजतो. तीन बझर म्हणजे नापास. तीन खेपांत जी या सीटवर पास होणार नाही तिला खऱ्या बसवर बसवायचं नाही, नाव यादीतून कमी.

सीटवर बसली होती ती बत्तीस-तेहतीस वर्षांची असेल. शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावची. दहा वर्षं तिने ट्रॉली लावून ट्रॅक्टर चालवला होता. जमीन बिल्डरला गेली, ट्रॅक्टरही विकला. "सासऱ्यांना शेताचं वाईट वाटलं, मला ट्रॅक्टरचं," असं तिने मला नंतर सांगितलं. बसचं हे शिक्षण तिने स्वतः शोधून काढलं होतं. स्टिअरिंगवर हात असे की पोळपाटावर लाटणं धरलंय. मी मनात म्हटलं, ही पास.

पहिल्याच वळणाला बझर. पुढे पुलाजवळ बझर. मग समोरून ट्रक आला, तिने शहाण्यासारखी बस डावीकडे घेतली, आणि तिसरा बझर. ही तिची तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही वेळा असंच झालं होतं.

मास्तर म्हणाले, "बाई, तुम्हाला शेवटचं विचारून ठेवतो. दिसतंय ना नीट?"

मला तिथे कोणी काही विचारलं नव्हतं. तरी मी ते डोळ्यांचं वाक्य बोलले. वर चष्म्याची साखळी हलवून दाखवली.

ती सीटवरून उतरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "डोळं ठीक हायत मॅडम. तुमच्या रस्त्याला कड न्हाई."

मला भयंकर राग आला. चौतीस वर्षांत इतकी चांगली समीक्षा कोणी केली नव्हती, पण ते तेव्हा कळायला डोकं हवं.

घरी येऊन हा किस्सा मी गंमत म्हणून सुनेला सांगितला. ती हसली नाही. भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

"बझर कुठल्या चाकाला वाजत होता?"

"डाव्या."

"प्रत्येक वेळी?"

"तिन्ही खेपांना. मास्तरांची वही पाहिली मी. नऊच्या नऊ वेळा डावं चाक."

तिने मेथीची जुडी बाजूला सारून जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. डांबर संपतं कुठे हे बसच्या हिशेबासाठी कॉम्प्युटरला वेगळं सांगितलेलं होतं, त्याची एक लाल रेघ तिने पडद्यावर आणली. माझं विरघळणारं डांबर त्या रेघेच्या हातभर पलीकडे गेलं होतं.

"इथे डोळ्याला अजून डांबर दिसतंय, आणि कॉम्प्युटरच्या लेखी चाक खाली उतरलंय," ती म्हणाली. "ती बाई बरोबर चालवतेय, आई."

"मग बाकीच्या कशा पास झाल्या?"

"मधोमध चालवत असतील. पुण्यातच शिकल्यात ना."

म्हणजे अख्ख्या तुकडीत डावीकडून, समोरच्याला वाट देत, शिकवल्याप्रमाणे बस चालवणारी ती एकटी होती, आणि तेवढ्यासाठी ती घरी जाणार होती. मेथी छान झाली होती म्हणतात. मला आठवत नाही.

सकाळी मी सुचवून पाहिलं, "आपण 'सॉफ्टवेअर अपडेट आहे' असं सांगू या का?"

"अपडेट नाही आई, चूक आहे. आणि सांगायला तुम्ही जायचं आहे."

मी गेले. मास्तरांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वही मिटली.

"म्हणजे चूक रस्त्याची."

"रस्त्याची नाही, माझी."

"रस्ता तुमचाच ना? तेच म्हणतोय मी." मग म्हणाले, "मागचं खोडता येणार नाही. बुधवारी दुरुस्त रस्ता आणा, त्यावर एक संधी देतो. एकच. त्यात गेली तर गेली."

ती बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. मी माफी मागितली. तिने डब्याचं झाकण लावलं.

"काल डोळं तपासून आले," ती म्हणाली. "नंबर न्हाई म्हनाले. अर्धा दिस गेला."

मी तिच्याशेजारी बसले आणि रस्ता कसा दुरुस्त करणार ते सांगितलं. करडं सगळं पुसून टाकायचं, एकीकडे पांढरं, एकीकडे काळं. हे मी आदल्या संध्याकाळी करूनही पाहिलं होतं. टेकडीवर वायरमनची काळी टेप चिकटवल्यासारखं दिसत होतं. कड होती, रस्ता नव्हता. नेमकं काय चुकतंय ते मला कळत नव्हतं, आणि हे कबूल करायला मला एक अख्खा कप चहा लागला.

"तुमी रस्ता बगितलाय का कधी?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, चौकशी होती. "गाडीतनं न्हाई. खाली उतरून."

रविवारी सकाळी तिने मला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून नेलं. एकोणसाठाव्या वर्षी मी पहिल्यांदा हेल्मेट घातलं, साखळी त्यात अडकली. खडकवासला मागे टाकून एका गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर तिने गाडी उभी केली आणि कडेला उकिडवी बसली. गुडघ्यांची क्षमा मागून मीही बसले.

डांबर संपत होतं तिथे कोणीतरी भाकरीचे घास तोडावेत तशी कड तुटलेली होती. मुरूम चार बोटं खाली. त्याची लाल धूळ डांबरावर आली होती, पण सरसकट नाही. डांबराच्या खळग्यांत भरून राहिली होती, आणि चाकांनी घासलेली खडीची डोकी तिच्यातून काळी, चकचकीत वर आली होती. वळणावर सुटी खडी बाहेरच्या बाजूला लोटली गेली होती. गवत डांबरापर्यंत आलंच नव्हतं, शेळ्यांच्या पायांनी मधे एक उघडी वाट ठेवली होती.

"डांबर हाय तर हाय, न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "अर्धं डांबर कुटं असतंय का?"

मी सवयीने म्हटलं, "निसर्गात रेषा नसते, असं आम्ही शिकवायचो."

"नसंल. पर रस्ता निसर्गानं न्हाई केला मावशी, कंत्राटदारानं केलाय."

मला हसू फुटलं. तिलाही. तिथे खडीवर बसून दोघी इतक्या हसलो की एक दुधवाला थांबून "काय झालं, पडलात काय?" विचारून गेला.

घरी येऊन मी सुनेला खळग्यातली धूळ समजावून सांगायला लागले तर ती म्हणाली, "त्याची सोय आहे. प्रत्येक पृष्ठभागाला त्याची उंची सांगता येते. मग दोन्ही एकमेकांत विरत नाहीत. खालचे खळगे आधी भरतात, उंचवटे वर राहतात. भातावर आमटी वाढल्यावर होतं ना, तसं."

"हे तू आठ महिन्यांत सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही निसर्ग शिकवत होतात."

सोमवार आणि मंगळवार मी त्या कडेवरच होते. जिथे डांबर संपतं ती कड लाल रेघेवर तंतोतंत आणली, मग तिचे घास तोडले. मुरूम खाली घेतला. धूळ खळग्यांत भरली, खडीची डोकी वर ठेवली. गवत मागे सरकवलं. आधी जिथे एक सुंदर धुकं होतं तिथे आता एक ओबडधोबड, सरकारी रस्ता आला. मंगळवारी संध्याकाळी सून मागे येऊन उभी राहिली आणि नुसतं "हं" म्हणाली. तिच्याकडून एवढंच मिळतं. पण मला खरी भीती वेगळी होती. आता तरी त्या बाईला कड दिसेल का? की माझ्या नव्या शहाणपणावरून तिचं चाक पुन्हा खाली जाईल?

बुधवारी मी मास्तरांच्या मागे उभी राहिले. पहिलं वळण. तिने बस डावीकडे ठेवली, चाक तुटक्या कडेपासून वीतभर आत. आवाज नाही. समोरून ट्रक आला, तिने आणखी थोडं डावीकडे घेतलं, वेग कमी केला. आवाज नाही. मी श्वास घेतला. पुलाजवळ बझर वाजला.

मी पुढे वाकून पडदा बघायला लागले, चूक माझी की तिची.

"ही माजी," ती समोर बघत म्हणाली. "जरा लवकर वळवली."

त्यानंतर घाट संपेपर्यंत ती खोली इतकी शांत होती की सीटचा खडखड आवाजही मला गोड लागत होता. शेवटच्या उतारावर मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं, टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं.

"उद्या सकाळी सातला. खऱ्या बसवर," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि मधोमध चालवणाऱ्या बाकीच्यांना परत बसवतो आता. तुमच्यामुळे काम वाढलं माझं."

मला ते अभिनंदनच वाटलं. मी त्यांच्या टेबलावरचा त्यांचाच चहा पिऊन टाकला, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

ती पार्किंगमध्ये ओढणी तोंडाला बांधत होती. मी विचारलं, घरी कळवलंस का? तिने बांधलेली ओढणी तोंडावरून खाली केली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "मावशी, पयल्यांदा नापास झाले ना, त्याच दिशी घरी पास झाले म्हनून सांगितलं हुतं. सासऱ्यांनी सगळ्या आळीत पेढं वाटलं. तवापासनं कुनी 'बस कधी चालवनार' इचारलं की म्या पानी आनायला आत जायची. माज्या वाटचा पेढा म्या खाल्लाच न्हाई, डब्यात ठिवलाय. आता खराब झाला असंल, पर आज खाते."