न चाललेल्या तीन जागा

नारायणगुडा मागे टाकून आम्ही चिक्कडपल्लीच्या बाजारात शिरलो तेव्हा माझ्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली होती. शेजारची निशिगंधा मात्र कोठीच्या चौकातून निघाली त्याच चालीनं चालली होती. दोन्ही हातांत एकेक फोन, तिसरा गळ्यात. वीस पावलांवर थांबायचं, आकडा बघायचा, पुढे. हिरवा म्हणजे फाइव्ह-जी चांगलं, पिवळा म्हणजे जेमतेम, लाल म्हणजे नाहीच.

"काकू, बसायचं का जरा?"

"बसले तर उठायची नाही. चल."

भाजीवाली आमच्याकडे बघून हसली. "क्या अम्मा, तीन-तीन फोनां? एक मेरेकू देव."

"लेव ना. नौकरी भी लेव साथ में," निशिगंधा म्हणाली.

दोन वर्षं ती हेच करते. नेटवर्क बसवणाऱ्या एका कंपनीसाठी रोज दहा-बारा किलोमीटर चालून सिग्नल मोजते. आधी शाळेत गणित शिकवायची. मराठी तुकडीला मुलं मिळेनाशी झाली, तुकडी बंद पडली आणि ही घरी बसली. माझा चुलत दीर अरविंद पुण्याहून येऊन त्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. मीच त्याला म्हटलं, "हिला घे. पोरगी खरी आहे." त्यानं घेतलं. "वर आपला माणूस आहे," असं ती कौतुकानं सांगायची.

काम तिला मनापासून आवडलं. या नव्या लहरी जुन्यांसारख्या लांब जात नाहीत, भिंतीला लगेच अडतात. सिग्नल वाढवणारं छोटं यंत्र कुठे लावायचं ते पायी हिंडल्याशिवाय कळत नाही. "मोठ्या घरांत केबल असतेच, काकू," ती म्हणायची. "जिथे केबल ओढायला कुणी येत नाही तिथे हे पोचलं, तर पोचलं म्हणायचं."

बाजारामागच्या एका गल्लीत दवाखाना आहे. तिथे डॉक्टर नाही, सिस्टर आहे. सिस्टरनं छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची, ती त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरला दिसायची, अशी योजना होती. निशिगंधा घरोघर सांगत फिरली होती, आता आजीला रिक्षात घालून धावायला नको.

या भागाच्या मोजणीचा शेवटचा दिवस संकष्टीचा होता. तीन जागा राहिल्या होत्या, त्यांत हा दवाखाना. घरात शिरलं की फोनला जागा कळत नाही, म्हणून आतले आकडे हातानं तक्त्यावर भरावे लागतात. संध्याकाळ झाली. अरविंद म्हणाला, "ताई, उपाशी पोटी किती चालाल? नैवेद्य व्हायचाय तुमचा. राहिलेल्या जागा उद्या माणूस लावून करून घेतो. सही तेवढी करून जा." हिनं रिकाम्या रकान्यांखाली सही केली. घरच्या माणसासारख्या माणसाला कागद कोण विचारतं?

माणूस लावलाच नाही. शेजारच्या रस्त्याचे आकडे उतरवले, दवाखाना हिरवा झाला. पुढच्या आठवड्यात आफ्रिकेतल्या गरीब देशांचे पाहुणे आले. त्यांना तोच तक्ता पडद्यावर दाखवला, की बघा, गल्लीबोळातही होतं, तुमच्याकडेही होईल. पाहुणे वह्यांत लिहून घेत होते. निशिगंधा मागच्या रांगेत होती, तिला तिथेच कळलं. दवाखाना कागदावर हिरवा, म्हणून यंत्र तिथे लागलंच नाही, दुसरीकडे गेलं.

ती अरविंदला भेटली. तो म्हणाला, "दोन भिंतींचा प्रश्न आहे, ताई. कशाला वाढवता? आणि सही तुमची आहे. माझी नाही."

हे तिनं मला आज कोठीवर सांगितलं, निघतानाच. मी रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणते. देवाच्या उपासाचं नाव पुढे करून हे केलं, तेच मला जास्त लागलं. आणि त्याच्या दारात हिला मी नेलं होतं, म्हणून मीही बरोबर चालत निघाले.

दवाखान्याच्या पायरीवर सिस्टर शारदम्मा उभी होती. "आगये सिगनलवाले अम्मा! कागजां में हरा, हमारे पास लाल. कायकू ऐसा?"

"गलती मेरीच है, सिस्टर."

"गलती किसकी भी रहन दो. कल एक अम्मा की पट्टी भेजनेकू मैं बाजूवालों के छत पो चढी. पचास साल की उमर में! मैं गिरी तो मेरी पट्टी कौन भेजेगा?"

तिघी हसलो, पण निशिगंधाचं हसणं लवकर संपलं. ती आत गेली. पलंगापाशी, टेबलापाशी, खिडकीत. तिन्ही फोन लाल. "काकू, तुम्ही बघा," म्हणून तिनं प्रत्येक फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. मी चष्मा पुसून पाहिलं. मग आम्ही उरलेल्या दोन जागाही चाललो. एक पिवळी निघाली, एक लाल.

परत येऊन बाकावर टेकलो. तिनं पिशवीतून नवा तक्ता काढला, मांडीवर ठेवून आकडे भरले. खाली सही केली. तिच्या सहीशेजारी एक रकाना मोकळा होता.

"हा मी वरच्या ऑफिसला पाठवणार. नोकरी जाईल, जाऊ दे. पण यंत्र इथे लागायला हवं, आणि त्या पाहुण्यांनाही खरं कळायला हवं. ते आपलं बघून तिकडे तसंच करतील. बरोबर चाललेल्या माणसाची सही लागते, काकू. कंपनीतलं कुणी आलं नाही. तुम्ही चाललात, तुम्ही पाहिलंत. तुम्ही सही करा. आणि तक्त्यासोबतच्या पत्रात अरविंदरावांचं नाव आहे, ते मला खोडायला सांगू नका."