टोपीवाला की हातवाला

आमच्या घरात मतदान चालतं. टीव्ही कोणत्या भिंतीला लावायचा, भाचीला कुठल्या कॉलेजात घालायचं, असल्या गोष्टींचं. ही रीत वडिलांची. आजोबा दीक्षाभूमीवरच्या त्या गर्दीत उभे होते, आणि वडील सांगायचे, "मताचा हक आपल्याले फुकटात नाही भेटला. घरात वापरान तरच बाहेर वापरता येईन." म्हणून वाद झाला की चहा, आणि चहा झाला की हात वर. हात वर करणाऱ्यानं कारण सांगायचं. मतं सारखी पडली तर घरातल्या मोठ्याचं खरं. आणि मत फिरवायचं असेल तर ज्यानं दिलं त्यानंच सगळ्यांसमोर पुन्हा हात वर करायचा. वडील गेले, नियम राहिले. मत फिरवलेलं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. चूक कबूल करण्याची पद्धत आमच्या घराण्यात नाही.

आता घरातला मोठा म्हणजे माझा दादा. तो लकडगंजात राहतो, आरा मशीनच्या मागच्या गल्लीत, जिथे आम्ही वाढलो. लहानपणी त्या गल्लीत एकाच घरी व्हीसीआर होता आणि त्या घरी परदेशी गाण्यांची एकच कॅसेट होती. तिच्यात एक गायक होता. त्याचं नाव आमच्या जिभेला पेलायचं नाही, म्हणून आम्ही त्याला टोपीवाला म्हणायचो. तो टोपी कपाळावर ओढायचा, खांदा झटकायचा आणि पाय न उचलता बाजूला घसरत जायचा, फरशीवर कोणी तेल सांडल्यासारखा. दादा टीव्हीसमोर उभा राहून ते शिकला. गल्लीतली सगळी पोरं शिकली, पण दादासारखं कोणालाच जमलं नाही. मी भावाची बाजू घेत नाही. तो घसरत निघाला की बाया हातातलं काम सोडून बघायच्या, हे मी पाहिलेलं आहे.

तेव्हापासून दादाच्या मते जगातला सगळ्यात भारी डान्स तोच. या विषयावर तो पानठेल्यावर भांडला, लग्नांच्या पंगतीत भांडला, एकदा बँकेच्या रांगेत अनोळखी माणसाशी भांडला. त्याची पोर, माझी भाची, कोरियातल्या पोरांचे व्हिडिओ दाखवायची तर म्हणायचा, "एवढे पोट्टे एका टायमाले हलतात, याले कवायत म्हणतात वं!" तिच्या पहिल्या वाढदिवसाला तो टोपीवाल्यासारखा नाचला. तिच्या दहावीच्या निकालालाही नाचला. आता हिवाळ्यात तिचं लग्न होतं.

आणि उन्हाळ्यात दादाच्या छातीत कळ आली होती.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात दोन स्टेंट टाकले. डॉक्टर म्हणाले, चाला, जिने हळू चढा, नाचणंबिचणं सध्या नको. दादानं त्यातला "सध्या" तेवढा उचलला. घरी आल्यावर त्यानं जाहीर केलं, "माझ्यासमोर छातीचं नाव ज्यानं काढलं त्याच्याशी मी बोलणार नाही." हा माणूस बोलला तसं करतो. वहिनीनं एकदा नाव काढलं, तर चार दिवस तिच्याशी पाण्याचा ग्लास मागण्याएवढंही बोलला नाही.

त्यातच फॅमिली ग्रुपवर कोणीतरी एक व्हिडिओ टाकला. कुठलंसं लग्न, नवरीचा काका नाचतोय, नाचता नाचता खाली बसतो. लोकांना वाटतं हीच स्टेप आहे, म्हणून ते टाळ्या वाजवतात. काका उठतच नाही. वहिनीनं तो पाहिला आणि तिचं अन्न तुटलं. "बाई," ती मला म्हणाली, "त्या टाळ्या माह्या कानातून जाऊन नाही राहिल्या."

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी मी माझ्या घरून, मनीषनगरहून, तिकडे गेले. वहिनी बाजारात होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. मी दार ढकललं. दादा मोजे घालून फरशीवर घसरत होता. बनियन घामानं भिजलेलं, एक हात कपाटाला धरलेला, ओठ पांढरे पडलेले.

"काय करून राहिला गा तू?"

"संगीताची तयारी," तो म्हणाला. दोन शब्दांसाठी त्याला मध्ये श्वास घ्यावा लागला. मग हसला. "माझ्या पोरीच्या लग्नात टोपीवाला होईन. तुह्या वहिनीले सांगशीन तर पाहून घेईन."

मी त्याच दुपारी वहिनीला सांगितलं. भाचीलाही सांगितलं. तिघी स्वयंपाकघरात उभ्या होतो, गॅसवर दूध उतू गेलं तरी कोणी हललं नाही. बोलून तो ऐकणार नव्हता, आणि रडलेलं त्याला खपत नाही. पण मत झालं की तो मोडत नाही. वडिलांच्या मागे तेवढी एक गोष्ट त्यानं डोळ्यांत तेल घालून पाळली आहे. तेव्हा संगीतात घरच्यांचा डान्स कोणता, हे मतावर घ्यायचं ठरलं. छातीचं नाव काढायचं नाही. टोपीवाल्याला हरवायचं.

त्याच्यासमोर उभा करायला भाचीनं हातवाला डान्स निवडला. नव्वदच्या दशकात सगळ्या लग्नांत चालायचा तोच. हात पुढे, मग खांद्यावर, मग डोक्यावर, मग कमरेवर, आणि एक वळसा. खुर्चीत बसूनही जमतो, धाप लागत नाही. मला तो तेव्हाही फालतू वाटायचा, आजही वाटतो.

पुढच्या रविवारी चहा झाला आणि वाद सुरू झाला. दादा खूश होता. त्याला वाटलं, आपल्या आवडीचा विषय निघाला. मला त्याच्या त्या खूश चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं.

"बाबा," भाची म्हणाली, "ज्याले पाहून लोक नुसत्या टाळ्या वाजवतात तो डान्स मोठा, का ज्यात लोक उठून सामील होतात तो?"

"सामील तर लोक राशनच्या लाईनीतही होतात."

"माही आई पण करते हातवाला," वहिनी म्हणाली.

"तुही आई करते म्हणून दुनिया मानते का? नाचता येईना अंगण वाकडं, अशायसाठी निघाला थो डान्स. भारी डान्स म्हणजे काय, पाहणाऱ्यानं म्हणावं का हे मले जन्मात जमणार नाही."

"आन् जमला नाही तर तो डान्स जगते कसा? पन्नास वर्षांनी टोपीवाला कोण करीन? हातवाला तर लहान पोट्टेही करतीन," भाची म्हणाली.

"मी शिकवीन ना पोट्ट्यायले!" दादानं टेबलावर हात आपटला. त्याच्या कानशिलावरची शीर उठली. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. वादानेच याला काही व्हायचं, असं माझ्या मनात आलं आणि हातातला कप मी खाली ठेवला. भाचीही घाबरली होती, पण मागे हटली नाही. नवरी होणाऱ्या पोरीचा तो चेहरा नव्हता, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभ्या माणसाचा होता.

"हात," ती म्हणाली.

हातवाल्याला तिचा आणि वहिनीचा हात. टोपीवाल्याला दादाचा. माझा हात टोपीवाल्याला गेला असता तर बरोबरी, आणि बरोबरीत मोठ्याचं खरं. दादा माझ्याकडे बघून आरामात बसला होता. लहानपणी व्हीसीआरसमोर त्याच्या शेजारी मीच तर उभी असायची.

मी हातवाल्याला हात वर केला.

"कारण?" दादा म्हणाला. अजून हसत होता, त्याला वाटलं मी थट्टा करते.

हे कारण मी आठवडाभर शोधलं होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टोपीवाल्याचा मूळ व्हिडिओ फोनवर पुन्हापुन्हा पाहिला होता, काही खोट सापडते का म्हणून. त्याच्यात सापडली नाही. आमच्यात सापडली.

"दादा, तू तो डान्स उलटा करतो," मी म्हणाले. "तो टोपीले उजवा हात लावते, तू डावा लावतो. तो उजवीकडे घसरते, तू डावीकडे. आपण टीव्हीसमोर उभं राहून शिकलो ना. तो आपल्याले जसा दिसे तसा आपण केला. आरशातला केला. जलमभर तू ज्याच्यासाठी भांडला, तो डान्स तू कधी केलाच नाही."

त्यानं फोन मागितला. व्हिडिओ पाहिला. उभा राहिला, डावा हात कपाळाशी नेला, मग उजवा नेला आणि दोन्ही हात खाली सोडले. भाचीचे डोळे भरले होते. तीही बापाच्या शेजारी उभी राहूनच शिकलेली, तिचाही उलटाच.

"हातवाला," दादा म्हणाला. "झालं. मत झालं." आणि कप उचलून स्वतःच धुवायला घेऊन गेला.

मी आजही म्हणते, मी केलं ते बरोबर केलं. तशीच वेळ आली तर पुन्हा करीन. पण त्यानंतरचे दिवस कोणाला येऊ नयेत. जो माणूस गोळ्या घेताना रोज भांडायचा तो न सांगता गोळ्या घेऊ लागला. पानठेल्यावर जाणं बंद. भाचीनं मुद्दाम कोरियातली गाणी मोठ्यानं लावली तरी त्यानं मान वर केली नाही, मग तीही रोज खोलीचं दार लावून बसू लागली. घरात त्याला चिडवायला काही उरलं नव्हतं. एका संध्याकाळी वहिनीनं मला फोन केला. "बाई, खरं सांगा, आपण यायले वाचवलं का मारलं?" मी तिच्यावरच खेकसले आणि फोन ठेवला.

संगीताची संध्याकाळ आली. लॉनवर थंडी चांगलीच पडली होती, झगमगत्या साड्यांवर स्वेटर, स्टेजसमोर पाहुण्यांच्या खुर्च्या. आमचा हातवाला झाला. दादानं पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसून तो केला, हात पुढे, खांद्यावर, डोक्यावर, एकही चूक नाही. सरकारी हुकूम पाळावा तसा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वहिनी माझ्या शेजारी बसून त्या टाळ्यांनी दचकली. चला, निभावलं, मी मनात म्हटलं.

मग भाची डीजेवाल्याजवळ गेली आणि टोपीवाल्याचं गाणं सुरू झालं.

वहिनीनं माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. हे आमच्यात ठरलेलं नव्हतं. पहिल्याच ठेक्याला दादाची मान वर झाली. त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले, कोपरं ताठ झाली, तो अर्धा उठला. मी उठले, पण वहिनीनं मनगट सोडलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो व्हिडिओतला काका होता.

भाची स्टेजवर चढलीच नाही. एक खुर्ची ओढत ती दादासमोर आली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ मांडली आणि तिच्यात बसली.

"बाबा, बसून," ती म्हणाली. "मी पण बसून."

तो तसाच अर्धवट उभा, तिच्याकडे बघत राहिला. मग बसला.

तिनं नसलेल्या टोपीला हात लावला. उजवा हात. मला कळलं, पोट्टी इतके दिवस दार लावून काय करत होती. तिनं मूळचा डान्स शिकून घेतला होता, जसा आहे तसा. दादाचा हात उठला तो डावाच, दुसरा त्याला येतच नाही. तिनं उजवा खांदा झटकला, त्यानं डावा. तिचे पाय तिच्या उजवीकडे घसरले, त्याचे त्याच्या डावीकडे, आणि समोरासमोर बसलेली ती दोघं एकाच बाजूला गेली. पुन्हा एकाच बाजूला. हात हाताच्या समोर, खांदा खांद्याच्या समोर, कुठे केसभर फरक नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत नाचत होता, टीव्हीच्या काचेकडे बघायचा तसाच. मी मात्र त्याच्या ओठांकडे बघत होते. ते पांढरे पडले नव्हते. गाणं संपेपर्यंत मी दुसरीकडे पाहिलं नाही.

गाणं संपलं. दादाला थोडी धाप होती, आमच्या गच्चीचा जिना चढल्यावर लागते तेवढीच. वहिनीनं नंतर सांगितलं की पहिल्यांदा तिला टाळ्यांची भीती वाटली नाही. भाचीनं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. दादानं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मान वळवून पाहुण्यांमध्ये मला शोधून काढलं.

"काय वं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात भांडण होतं. "आता सांग. उलटा कोन?"

मी हात वर केला.

सोयरे बघायला लागले. त्यांना काय ठाऊक, आमच्या घरात सगळ्यांसमोर पुन्हा वर केलेल्या हाताचा अर्थ काय होतो.

"कारण?" दादा म्हणाला. नियम म्हणजे नियम.

कारण सांगायला गेले असते तर रडले असते, आणि रडलेलं त्याला खपत नाही. मी नुसता हात वर धरून उभी राहिले. तेवढ्यात वहिनीनं माझं मनगट सोडलं आणि माझ्या हाताशेजारी तिचाही हात वर गेला.