सुभेदाराला आणायला गोंदियाला

हो, एका प्लास्टिकच्या कमांडोसाठी मी पुण्याहून गोंदियाला गेले. वय सव्वीस, नोकरी बऱ्यापैकी, डोकं ठिकाणावर. ज्यांना हसायचं आहे त्यांनी इथेच हसून घ्यावं, पुढे गाड्या, भाडी आणि खाण्याची कामाची माहितीही आहे.

१९९९ साली आईच्या आजारपणामुळे मी वर्षभर गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या खेड्यात मामाकडे राहिले. गोंदियाच्या बाजारातून मामानं मला हा कमांडो घेऊन दिला होता. वीतभर उंच, निळा गणवेश, गालावर व्रण, खांदे-गुडघे वळणारे. मी त्याचं नाव सुभेदार ठेवलं. निघायच्या दिवशी तो सापडेना. मामेभाऊ दिनू म्हणाला, हरवला. तेव्हापासून मी त्रेचाळीस जुने कमांडो आणि जवान जमवले, पहिला मात्र नव्हता.

२०१६च्या पोळ्याआधी दिनूनं घरच्या ग्रुपवर लाकडी नंदीचा फोटो टाकला. (आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात, तो तान्हा पोळा.) नंदीच्या पाठीवर फेटा बांधून सुभेदार बसला होता. गालावरच्या व्रणावरून ओळखला.

जुनी खेळणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर मी तो फोटो दाखवला. एका जाणकारानं लिहिलं, "मूळ खोका नाही, वरून रंग फासलेला. किंमत शून्य. जाऊ नका." मी तिकीट काढलं.

पुण्याहून गोंदियाला थेट गाडी आहे. स्लीपर साडेचारशेच्या आत, प्रवास अठरा-एकोणीस तासांचा. डबा घरून न्या. गोंदिया स्टेशनबाहेर मात्र पोटात जागा ठेवून उतरा, पंधरा रुपयांत आलूबोंडा आणि वर वाटीभर झणझणीत रस्सा मिळतो. रस्सा दुसऱ्यांदा मागायला लाजलात तर गाडीवाला "लो दीदी, शरमाना नहीं" म्हणत आपणहून ओततो. गोरेगावची एसटी पोळ्याच्या दिवशी खच्चून भरलेली असते. मी फुलचूरपर्यंत एका पायावर उभी होते. पुढे जागा मिळाली आणि दोन्ही बाजूंनी हिरवं धान सुरू झालं. इतकं हिरवं पुण्यात बघायला मिळत नाही, हे मी चिडलेली असूनही कबूल करते.

गोरेगावच्या स्टँडवर दिनू मोटारसायकल घेऊन उभा होता. "काऊन आली तू, मले मालूम आहे," तो म्हणाला. "पन तो नाही भेटत."

घरी पोचल्या पोचल्या मी नंदीजवळ जाऊन वाकून पाहिलं. दिनूनं सुभेदाराच्या पट्ट्यातून इंचभर स्क्रू पार नंदीच्या पाठीत घातला होता. अंगावर ऑइल पेंटचे थर, नंदीची शिंगं रंगवून उरलेला रंग दरवर्षी याला. मूळचा निळा रंग फक्त काखेत उरला होता. संग्रह करणाऱ्या माणसाला हे बघून काय होतं, ते मी सांगत बसत नाही. मी भांडायला लागले.

"चोरलास तू त्याला."

"चोरला. आठ वर्साचा होतो मी," दिनू शांतपणे म्हणाला. "पन तवापासून दरसाल तो नंदीवर बसून राहिला. तू तं आलमारीत बंद करशील त्याले."

हे मला लागलं, कारण माझे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस काचेच्या आत आहेत.

मामी वड्यांचा घाणा सोडून बाहेर आली. मामा गेल्यापासून घरात तिचाच शब्द चालतो. "भांडू नका. उद्या नंदी बिनसवाराचा नाही निघत. मिरवून झाला का घेऊन जाय तुझा बाहुला."

"चालेल," मी म्हणाले. "पण दोरी मी धरणार."

"तू?" दिनू हसायला लागला. "लहान्या पोराइचा सण आहे तो."

"मी लहान होते तेव्हा सुभेदार माझा होता, त्याला नंदीवर बसवायची कल्पना माझी होती. दोरी तुझ्या हातात दिली आणि मला ओवाळायचं ताट धरून मागे चालवलं. माझं राहिलंय ते."

मामी म्हणाली, "धरू दे तिले."

दुसऱ्या दिवशी दुपारी मारुतीच्या देवळासमोर कमरेएवढ्या मुलांच्या रांगेत मी नंदीची दोरी धरून उभी राहिले. पहिली पाच मिनिटं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पारावरचे एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "ह्या बाईचं लेकरू कुठी गेलं?"

"लेकरू नाही, आजोबा. नंदी माझाच आहे."

"एवढ्या मोठ्या बाईले कायले पायजे नंदी?"

"ओढायला," मी म्हणाले आणि निघाले. मग लाज गेली ती गेलीच. घरोघरी नंदी नेला की बोजारा म्हणून खाऊ नाहीतर नाणं देतात. शेजारच्या काकूंनी जराही न हसता माझ्या हातावर करंजी ठेवली आणि सुभेदाराला कुंकू लावलं. मी इतकी खूश कधी झाले होते ते आठवत नाही. देवळासमोरच्या नंदी सजावटीच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही. निकाल चुकीचा होता असं माझं अजूनही म्हणणं आहे.

संध्याकाळी दिनूनंच स्क्रू काढला. सुभेदार माझ्या हातात देऊन तो रिकाम्या नंदीकडे बघत राहिला. मामीनं एकच अट घातली, "वर्सभर तुझ्याकडे राहू दे. पोळ्याले घेऊन येजो." मी कबूल केलं, कारण दोघांचाही हक्क खरा होता.

पुण्यात आल्यावर त्या जाणकारानं रंग उतरवायचं रसायन सुचवलं, पट्ट्यातलं भोक बुजवायची युक्तीही सांगितली. मी दोन्ही केलं नाही. त्या भोकात पुढच्या वर्षी पुन्हा स्क्रू जायचा आहे. सुभेदार काचेबाहेर, माझ्या टेबलावर बसतो आणि येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "हे काय, या वयात?" पूर्वी मी भाच्याचा आहे म्हणून वेळ मारून नेली असती. आता माझा आहे म्हणून सांगते.

पुढच्या तान्ह्या पोळ्यासाठी चार दिवसांच्या रजेचा अर्जही आजच दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "नंदी ओढायचा आहे." साहेबांनी अर्ज परत पाठवला, योग्य कारण लिहा म्हणून. मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरात.