कबड्डीवाला गेला, म्हणाले

शेजारच्या पार्वतीने माझ्या सुनेचा हात उंबऱ्यावर दाबून धरला होता. धाकटी जाऊ वरवंटा घेऊन आली होती. सुनेची काकणं फोडायची होती. पोर एकोणीस वर्षांची.

"सोड तिका," मी म्हटलं.

"अगो, हट करू नको. पोरगो गेलो तुझो," पार्वती म्हणाली. रडत होती. माझ्यासाठी रडत होती.

तिचा सदू आणि माझा दत्ता लंकेच्या लढाईत एकाच तुकडीत होते. रजेवर आलेला शेजारच्या गावचा जवान एस.टी.तून उतरता उतरता सांगून गेला, तुमच्या गावचा कबड्डीवाला गेला. फौजेत घेतलं ते दोघांनाही खेळामुळेच. पण चढाई करायचा दत्ता, ढाली आणायचा दत्ता. सदू कोपऱ्यात उभा राहून पाय धरायचा. त्याला कबड्डीवाला कोण म्हणणार? सगळा गाव माझ्याच दारात जमला.

माझी चौथी झालेली आहे. मी म्हटलं, सरकारी कागद दाखवा, मग फोडा. दीर म्हणाले, रीत मोडायची तर गावात राहू नकोस. नाही राहिले. दुपारच्या गाडीने सुनेला घेऊन मुंबईत नाहूरला भावाच्या खोलीवर आले.

तिथे नळाला रांग, कंपनीच्या भोंग्यावर उठायचं. मी डबे करू लागले, सून पॅकिंगच्या कामाला लागली. चाळीत कुणी विचारलं, नवरा काय करतो गं, तर सांगायची, "कबड्डी खेळतात." मी फौजेच्या पत्त्यावर रोज एक कार्ड टाकायचे. महिन्याने मद्रासच्या मिलिटरी इस्पितळातून दत्ताचंच उत्तर आलं: डाव्या हाताची तीन बोटं गेली. सदू माझ्या शेजारीच गेला.

दत्ता नाहूरला आला. मुलुंडच्या मैदानात संघवाले म्हणाले, "बस झालं यार, आता पकड कशी करणार तू?"

"चढाई बोटांनी करतात काय रे?" म्हणाला, आणि पुढे चार वर्षं खेळला. हरला की एवढंच बोलायचा, कोपऱ्यात सदू नाही.

गावची मंडळी लिहितात, घर बंद पडलंय, या. बंद पडलेलं नाही, मी बंद केलंय. नाहूरच्या खोलीत आम्ही पाठीला पाठ लावून झोपलो, तेच माझं घर.

गावी एकदाच गेले, पार्वतीला भेटायला. सदूचा कागद आला त्या दिवशी तिच्या दारात कितीजण जमले होते, ते विचारलं नाही. तिने चहा दिला. म्हणाली, "तुझो वाचलो, बरा झाला."

दोघे लढाईला गेले होते. माझा वाचला, तिचा नाही.