जुईचं नाव कुठून आलं

देवावर माझा फार विश्वास होता, असं म्हणवत नाही. आमच्या घरात देव म्हणजे काम सांगायची जागा. दादाला मुलगी झाली ती दिवस भरायच्या फार आधी. तिला काचेच्या पेटीत ठेवल्याच्या चौथ्या दिवशी आईने मला हॉस्पिटलच्या फाटकाजवळच्या गणपतीला अभिषेक सांगायला पाठवलं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघते. त्यात शाळा इंग्रजी माध्यमाची, पूजेतलं काही विचारलं तर उत्तर येणार नाही ही धास्ती वेगळीच.

गुरुजींनी विचारलं, "बाळाचं नाव?"

"अजून बारसं नाही झालं."

"अहो, मग संकल्प कुणाच्या नावाने सोडू? माझ्या?"

मागे दोघं-तिघं हसले. मी हातातली पावती उलटसुलट करत राहिले. तेवढ्यात पायरीवर बसलेली एक बाई म्हणाली, "जुई म्हणा, गुरुजी."

गुरुजींनी म्हटलंसुद्धा. माझ्या हातावरून पळीभर पाणी ताम्हनात पडलं, आणि आमच्या बाळाला नाव मिळालं.

त्या बाईला मी रोज वर काचेपाशी पाहत होते. तिच्या भावाची मुलगी आमच्या बाळाच्या शेजारच्या पेटीत होती. मी जवळ जाऊन विचारलं, "तुमच्या बाळाचं काय ठेवणार?"

"सकाळीच गेली ती. गावाकडं जायच्या गाडीची वाट बघत बसलीय मी." पायरीवर मला जागा करत ती म्हणाली, "आत्या हाय मी. आमच्या दारात जुईचा वेल हाय, त्यावरनं मनात धरलं होतं. आता हे नाव घिऊन मी काय करू? तूबी आत्याच न्हवं? सांग तिच्या कानात."

गाडी आली आणि ती गेली. ती कुठली, कोण, काहीच कळलं नाही.

आमची पोरगी वाचली. पेटीत होती तोवर सगळे तिला जुईच म्हणत होते. वहिनी तर काचेला कपाळ लावून तेवढा एकच शब्द म्हणत बसायची. घरी आल्यावर मात्र आई म्हणाली, "मेलेल्या पोरीचं नाव? ते तिथेच राहू दे." दादाने मोबाइलवर मायरा शोधलं. अर्थ कुणालाच नीट माहीत नव्हता, पण बारशाच्या केकवर तेच आलं.

बारशाला मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी पाठीत धपाटे घालत विचारलं, "काय गं आत्याबाई, काय ठेवलंस?" त्या दिवशी मी आधी मनात म्हणून बघितलं नाही. "जुई," मी म्हणाले. आईचा धपाटा रीतीपेक्षा जोरात बसला. वहिनी उठली आणि सुरीने केकवरची अक्षरं खरवडून आली.

नाव कुठून आलं, असं कुणी विचारलं तर दादा सांगतो, फुलाचं आहे. आमची ठेवली, तर शेजारच्या पेटीतली का नेली, हे त्या गणपतीला मी अजून विचारते. कृपा म्हणावी, तर ती आमच्याकडे दुसऱ्याच्या उजाड घरातून उठून आली. हात जोडताना तोंड कडू होतंच. तरी जोडते. जे ओंजळीत पडलं ते टाकू नये, एवढंच आपल्याकडे असतं.

आता ती रांगते. दाराकडे निघाली की मी हाक मारते, "जुई!" ती वळून हसते. मग मी तीच हाक एकदा मनात मारते. त्या हाकेला कुणी वळत नाही.