दिएस म्हणजे दिवस

मी स्पॅनिशची भाषांतरं करते, हे नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत फार थोड्यांना माहीत आहे. काम बहुतेक द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्यांचं असतं. अधूनमधून कोर्टाचे कागदही येतात, पण ते लांबच्या, अनोळखी माणसांचे आणि ईमेलने. त्या माणसांचे चेहरे बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात ओझरहून एक बाई सासऱ्यांना घेऊन आली. तिचा नवरा मालवाहू जहाजावर फिटर. स्पेनच्या एका बंदरात जहाजावरच्या कंटेनरमध्ये अमली पदार्थ सापडले आणि पोलिसांनी त्यालाही धरलं. त्याला तुरुंगात ठेवण्याचा कोर्टाचा आदेश तिच्या फोनवर आला होता. त्यांच्या मुंबईच्या वकिलाला तो इंग्रजीत हवा होता.

सासरे पंख्याखाली बसले. मी पाणी आणायला आत गेले, तर ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"मॅडम, आधी एवढंच वाचा. बाबांना मी काही बोलले नाहीये."

फोनने आदेशाचं इंग्रजी करून दिलं होतं. तिने बोट ठेवलं तिथे तिच्या नवऱ्याचं नाव होतं, आणि त्याच ओळीत 'डाइज'. मरतो.

"काल दुपारपासून मी हे घेऊन फिरतेय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तो शब्द इंग्रजी नसावा हे मला कळायला हवं होतं, पण ती समोर उभी असताना मलाही तेच दिसत होतं जे तिला दिसत होतं. मी मूळ स्पॅनिश आदेश उघडायला सांगितला. तिची बोटं घामाने ओली, स्क्रीन दाद देईना. शेवटी पदराने पुसून तिने उघडला.

तिथे होतं 'दिएस आ क्वो'. लॅटिन, पण 'दिएस'ची अक्षरं इंग्रजी 'डाइज'चीच. फोनने स्पॅनिशचं इंग्रजी केलं होतं आणि लॅटिन होतं तसंच सोडून दिलं होतं.

"दिएस म्हणजे दिवस," मी म्हणाले. "आपल्या दिवसासारखाच शब्द आहे. ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस. मरणाचं इथे काही नाही."

"नक्की?"

मी नक्की म्हणाले आणि तरीही सगळा आदेश तिच्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. कुठेतरी खरंच तसं काही असलं तर, या भीतीने. नव्हतं. ती ओट्याला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर दाबून रडली. बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं गं?" तिने आतूनच सांगितलं, "काही नाही बाबा, पाणी आणते."

पण त्या ओळीत आता दुसरीच भीती निघाली. मुदत अपिलाची होती आणि ती फारच थोडी होती. मी तिथूनच वकिलांना फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली.

"आ क्वो म्हणजे खालचं कोर्ट, मॅडम," ते म्हणाले. "खालच्या कोर्टाने आदेश दिला त्या दिवसापासून मुदत. ती तर संपली."

आ क्वो म्हणजे 'ज्यापासून'; अपील ज्याच्यापासून वर जातं त्या खालच्या न्यायाधीशालाही आ क्वोच म्हणतात. याच आदेशात वर एकदा तसं आलंही होतं. पण इथे ते शब्द दिवसाला लागून होते, आणि पुढे लिहिलं होतं की आदेश शेवटच्या पक्षकाराच्या हाती पडेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. आरोपीला तो उशिरा मिळाला होता. म्हणजे अजून वेळ होता, जेमतेम.

"तुम्ही हे सही करून द्याल?" वकिलांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. "माझं सगळं त्याच्यावर उभं राहणार आहे."

"देते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. चूक झाली तर भोगणारी मी नसणार, तो असणार. त्याचे वडील तिकडे पंख्याखाली बसले होते. मी लॅटिन शब्द तसेच ठेवले, शेजारी साध्या इंग्रजीत अर्थ लिहिला, ओळीखाली टीप दिली. मग कोश काढून तोच अर्थ पुन्हा पडताळला. आणि पुन्हा. सही करताना पेन कागदात रुतलं.

ती दोघं गेल्यावर मला जेवण गेलं नाही. फोन वाजला की आधी तिचंच नाव आहे का ते बघायचे. अपील मुदतीत दाखल झालं, हे तिनेच कळवलं. पुढे वरच्या कोर्टाने त्याला तुरुंगाबाहेर सोडलं, पण पासपोर्ट ठेवून घेतला. खटला उभा राहायचाच आहे.

परवा तिने माझ्या घरी येऊन व्हिडिओ कॉलवर त्याला माझ्याशी बोलायला लावलं. भाड्याच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून बसलेला, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा माणूस. आभार वगैरे मानून झाल्यावर तो जरा पुढे सरकला.

"मॅडम, इथे कोर्टात सगळे माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलतात. मी नुसती मान हलवतो. ते काय ठरवतायत, हे मला वेळेवर कळेल ना?"

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "कागद आला की लगेच पाठवा." त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळलं.