ग्राफिक्स कार्डाची तपासणी

पहिल्या नजरेत पसंत पडेल अशी वस्तू माझ्या मैत्रिणीच्या वडिलांसाठी अजून जगात तयारच झालेली नाही. चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी क्वालिटी विभागात काढली आणि निवृत्त झाल्यावर तो विभाग रहाटणीच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. खिशात चष्म्याशेजारी जाडी मोजायचा व्हर्नियर असतो आणि तो भाकरीलाही लागतो. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा माझ्यासाठी काढलेला कप त्यांनी टिचकी मारून वाजवला आणि परत पाठवला. "तडा हाय. आवाज बद्द येतोय." काकूंची एक ठरलेली तक्रार आहे. "मला बघायला आले तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणाले. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट न तपासता केली." यावर काका पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतात, "तेव्हा मी क्वालिटीत नव्हतो."

पल्लवीचं, म्हणजे माझ्या मैत्रिणीचं, लग्न ठरलं तेव्हा तिने वडिलांकडे एकच गोष्ट मागितली. ती लहान असताना त्यांनी हँडीकॅमवर घेतलेले व्हिडिओ जोडून एक छोटी फिल्म, हळदीच्या संध्याकाळी सगळ्यांना दाखवायला. काकांनी टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, पाहिल्या आणि हादरले. सगळं चित्र हलत होतं. असला माल चारचौघांत जाऊ द्यायचा नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं. हलणारं चित्र स्थिर करणारं सॉफ्टवेअर मिळालं, पण घरचा कॉम्प्युटर एका मिनिटाच्या व्हिडिओला अख्खी दुपार घेई. म्हणजे ग्राफिक्स कार्ड हवं. लग्नाला चार महिने होते.

या कामावर माझी नेमणूक झाली, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले. मला कार्डांमधलं काही कळत नाही हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, ते मी टाळलं. दर रविवारी मी सोफ्याच्या कोपऱ्यात बसून वेगवेगळ्या कार्डांची माहिती वाचायची आणि काका चौकटी आखलेल्या कागदावर ती भरायचे. "मेमरी किती?" "आठ." "कामाला किती लागती?" "आठ." "मग बारा घेऊ. थोडी जागा सोडावी माणसानं." निवड होत आली की नवं मॉडेल येणार असल्याची बातमी यायची आणि काका नवा कागद आखायला घ्यायचे. "ड्रॉइंग बदललं की जुना माल चालत न्हाई." राजगुरुनगरजवळच्या गावची त्यांची बोली अशा ठाम क्षणी जास्तच गडद होते. तीन महिने असे गेले. "पप्पा, आता माझ्या मुलांच्या बारशालाच दाखवा," पल्लवी म्हणाली. ती हसत होती, पण उठून आत गेली.

त्याच आठवड्यात आम्ही चिंचवडच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये कार्ड बसेल का, हे पाहायला काकांनी पुठ्ठ्याचा साचा कापून आणला होता. त्यांनी एकाच मॉडेलची पाच कार्डं उघडायला लावली.

"काका, घेणार एकच ना?" दुकानदार म्हणाला.

"सँपल पाचाचं असतं, भाऊ."

मग प्रत्येक कार्ड चालू करून त्यांनी पंख्याजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि दांडा कानाला लावला.

"काका, कार्ड आहे ते, बेअरिंग नाही."

"पंखा कशावर फिरतोय मग?"

दुकानदाराने पुढचं कार्ड लावलं. मग त्याने हळूच विचारलं, "गेम कुठला खेळता?"

"गेम न्हाई. पोरीचं लग्न हाय."

चौथं कार्ड पास झालं.

हळदीच्या संध्याकाळी फिल्म लागली. काहीही हलत नव्हतं. पाच वर्षांची पल्लवी गल्लीतून सायकल चालवत होती, जणू रस्त्याला रूळ टाकले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पल्लवी मात्र पडद्याजवळ जाऊन उभी राहिली.

"पप्पा, तुमचा हात कुठंय?"

चित्र स्थिर करताना सॉफ्टवेअर चारी कडा थोड्या कापतं. मूळ व्हिडिओत डाव्या कडेला सायकलची सीट धरलेला एक हात होता. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात सीट आणि माणूस पळतोय, त्यामुळे चित्र हलत होतं. इतक्या वर्षांच्या सगळ्या व्हिडिओंमध्ये काका कुठे असतील, तर तेवढेच.

"कडेला होता," काका म्हणाले. "निघून गेला असंल."

"मला तोच पाहिजे. हलणारा."

लग्नाच्या सकाळी सगळे कार्यालयात निघायच्या गडबडीत होते. काकांनी मला कॉम्प्युटरजवळ बोलावलं. पेन ड्राइव्ह लावलेला होता, मूळ व्हिडिओ चालू होता.

"पोरी, हे असंच द्यायचं? सासरची माणसं बघतील."

मी सहसा मत देत नाही. "द्या," म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पण व्हिडिओ बंद केला नाही. आम्ही दोघं पाहत राहिलो. गल्लीच्या टोकाशी तो हात सीट सोडतो. सायकल पुढे जाते आणि तिथून चित्र सगळ्यात जास्त हलतं.